बीएसए एम-२०: व्हॉल्व्ह गाइड आणि क्रँकपिन ठाण्यातच बनवून घ्यावी का?

नौपाड्याचा_एम२० (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

घरात १९४२ची बीएसए एम-२० मोटरसायकल आहे. चुलत आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. इंजिन नंबर डब्ल्यूएम२० नेच सुरू होतो, म्हणजे वंशावळ शंकेपलीकडे. साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला), ४९६ सीसी, बोअर ८२ आणि स्ट्रोक ९४. थ्रॉटल सोडला की निळा धूर, आयडलिंग कधी धड नाही, आणि टॅपेटच्या खणात काजळी. इंजिन उघडलं तर दोन्ही व्हॉल्व्ह गाइडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात वरखाली सरकतो ती नळी) दातासारखे हलतात.

इंग्लंडहून नवीन गाइड मागवले होते. ते आले आणि सिलिंडरच्या भोकात हातानेच आत गेले! आधीच्या कुणीतरी गाइड बदलताना भोक मोठं करून ठेवलंय. म्हणजे तयार पार्ट असूनही उपयोग शून्य. बाहेरून मोठ्या व्यासाचे गाइड बनवूनच घ्यावे लागणार.

वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात विचारलं. त्यांनी जुना गाइड हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "सॅम्पल ठेवून जा, डिट्टो काढून देतो, पितळेत." मला ते काही पटेना, म्हणून सॅम्पल परत घेऊन आलो.

तर प्रश्न असे. मटेरियल कोणतं? फिट किती थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग)? कुठे करून घ्यावं? आणि जाता जाता, बिग एंडलाही (कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक) खेळ आहे, तर त्यातली क्रँकपिनही इथेच बनवावी का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पाचपाखाडीकर

वाचतोय. माझ्या शेजाऱ्याकडे मॅचलेस जी-३एल पडून आहे, त्यालाही लिंक पाठवली.

कातारी

सॅम्पल परत आणलंत हे फार बरं केलंत. माझी अख्खी नोकरी टूल रूममध्ये गेली, आधी वागळे आणि मग रबाळे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

जुना गाइड हा नमुना नव्हे. तो झिजलेला आहे, आणि एकदा ठोकून बाहेर काढला की बाहेरूनही खरवडलेला असतो. त्यावरून डिट्टो काढला तर झीज धरून डिट्टो येतो. त्याची लांबी, कॉलर आणि खालचा आकार एवढंच घ्या. बाहेरचा व्यास ठरतो सिलिंडरच्या भोकावरून, आतला ठरतो तुम्ही जो व्हॉल्व्ह बसवणार त्याच्या दांड्यावरून. त्यामुळे टर्नरच्या हातात गाइड नाही, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह द्यायचे.

भोक मोजताना व्हर्नियर बाजूला ठेवा. टेलिस्कोपिक गेज लावून मायक्रोमीटरवर वाचायचं, वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं दोन्ही. तुमच्या बाबतीत भोक नुसतं मोठं नसून वरच्या तोंडाला जास्त आणि अंडाकृती असणार, कारण सैल गाइड तिथे हलत राहतो. तसं असेल तर आधी भोक सरळ करायचं, मग त्या मापाचा गाइड. वाकड्या भोकात गोल गाइड बसवला की तो दोन जागीच टेकतो, आणि गाइडमधली उष्णता सिलिंडरला जायची वाट तिथेच बंद होते.

भोक सरळ करताना हातात रीमर धरून फिरवायचा मोह टाळा. रीमर जुन्याच वाकड्या वाटेने जातो. सिलिंडर मिलिंगवर बांधून, भोकाच्या खालच्या न झिजलेल्या भागावर डायल गेज लावून सेंटर काढायचा, आणि तिथून बोअर करायचं.

फिट: बिडाच्या (कास्ट आयर्न) सिलिंडरमध्ये बिडाचा गाइड असेल तर एक ते दीड थाऊ घट्ट. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, असा एक समज आहे. पोर्टच्या बाजूची भिंत पातळ असते, तीन-चार थाऊ देऊन ठोकलात तर बीड तडकेल आणि मग सिलिंडरच शोधत बसाल.

आतलं भोक चार-पाच थाऊ कमीच ठेवा. प्रेस केल्यावर ते आणखी मिटतं, किती मिटेल ते आधी सांगता येत नाही. बसवून झाल्यावर रीमर मारायचा. बीड असेल तर कोरडाच, तेल नको.

रॉयल_ऐरोली

काका एवढं कशाला? फॉस्फर ब्राँझ टाका आणि विसरून जा. माझ्या बुलेटला ब्राँझ गाइड आहेत, मलईसारखी चालते.

धातुवाला

तुमची बुलेट ओव्हरहेड व्हॉल्व्ह आहे, आणि गाइड हेडमध्ये. साइड व्हॉल्व्हमध्ये एक्झॉस्ट पोर्ट सिलिंडरच्याच अंगातून जातो. तो कोपरा भलताच तापतो, आणि वारा तिथे नीट पोचत नाही. त्यामुळे हिशोब वेगळा.

आकडेच मांडतो. बीड एका अंशाला मीटरमागे ११ मायक्रॉनच्या आसपास वाढतं, फॉस्फर ब्राँझ १८च्या आसपास. फरक ७. गाइड अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमी धरा आणि तापमान २०० अंशांनी चढलं असं धरा. गुणाकार करा: ०.०१८ मिमी, पाऊण थाऊच्या जवळ. म्हणजे थंडीत दीड थाऊ घट्ट बसवलेला ब्राँझ गाइड गरम झाल्यावर सव्वादोन थाऊ घट्ट होऊ पाहतो. बाहेर बीड त्याला फुगू देत नाही, मग तो आत दबतो. त्याच वेळी दांडा फुगत असतो. एक्झॉस्टला व्हॉल्व्ह अडकून बसल्याचे किस्से येतात ते इथून.

ब्राँझ वाईट असं अजिबात नाही. ते उष्णता बिडापेक्षा चांगली वाहून नेतं. पण मग दांड्याला जागा जास्त द्यावी लागते, आणि जास्त जागा दिली की आपण मुळात ज्यासाठी गाइड बदलतोय तेच थोडं परत आलं.

दुसरी गोष्ट, तुमचे व्हॉल्व्ह जुने आहेत की नवीन? दांड्याला लोहचुंबक लावून बघा. जुन्या सिलिकॉन-क्रोम पोलादाला चिकटतो. हल्लीचे २१-४एन वगैरे ऑस्टेनिटिक स्टेनलेसचे व्हॉल्व्ह असतात, त्यांना चिकटत नाही, आणि ते तापल्यावर जवळपास ब्राँझइतकेच वाढतात. काही व्हॉल्व्हचं डोकं एका धातूचं आणि दांडा दुसऱ्याचा असतो, म्हणून चुंबक दांड्यालाच लावा, डोक्याला नको.

नौपाड्याचा_एम२०

एक्झॉस्टच्या दांड्याला चुंबक अजिबात चिकटत नाही. इनलेटला चिकटतो. म्हणजे कधीतरी एकच व्हॉल्व्ह बदललाय.

भोकंही मोजली. कळव्याच्या एका मित्राकडे मिटुटोयोचा मायक्रोमीटर आहे, त्याच्याकडे जाऊन. इनलेटचं भोक नवीन गाइडपेक्षा खाली दीड थाऊ मोठं, वर अडीच. एक्झॉस्टचं खाली दोन, वर जवळपास साडेचार, आणि वर आडव्या-उभ्या मापात एका थाऊचा फरक. कातारी काकांनी न बघता सांगितलं होतं तसंच निघालं!

कातारी

मग एक्झॉस्टचं भोक सरळ करताना पाच-सहा थाऊवर जाईल. चालेल. इनलेट तीनवर साफ होईल असं दिसतंय. दोन्हींचं माप एकच करायच्या भानगडीत पडू नका, उगाच इनलेटचं बीड का कापायचं? दोन गाइड दोन मापांचे, आणि बाजूवर खूण पंच.

धातुवाला साहेबांशी सहमत. दोन्हीकडे बीडच. बिडात ग्राफाइट असतो, तेल कमी पडलं तरी तो थोडं सांभाळून घेतो, आणि साइड व्हॉल्व्हच्या एक्झॉस्ट गाइडला तेल मिळतंच किती! फक्त बीड म्हणून ओतकामातला कुठलाही तुकडा नको, त्यात भोकं निघतात. कंटिन्युअस कास्टचा बार मिळतो, तो घ्या. दांड्याला जागा इनलेटला दीड थाऊ, एक्झॉस्टला तुमचा स्टेनलेस दांडा असल्यामुळे तीन.

ट्रायम्फवाली_वाशी

माझी ट्रायम्फ टी-१२०, ६५० ट्विन. हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गणित उलटं. ॲल्युमिनियम २३च्या आसपास वाढतं, म्हणजे गरम झाल्यावर गाइड सैल होऊ पाहतो. तिथे ब्राँझच योग्य आणि फिटही जास्त घट्ट. या धाग्यातले बिडाचे आकडे कुणी ॲल्युमिनियमच्या हेडला लावू नका, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि एक, जे कुणी अजून लिहिलं नाही. गाइड बसवल्यावर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्हचं डोकं टेकतं ती कड) परत कापावीच लागते. नवीन गाइडचा मध्य जुन्या सीटच्या मध्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही. नवी मुंबईतल्या एका वर्कशॉपने (नाव घेत नाही) माझे गाइड सुरेख बनवले, ग्राइंडिंग आरशासारखं, आणि मग सीटवर नुसती पेस्ट घासून दिली. व्हॉल्व्ह एका बाजूला टेकत होता. पेस्ट घासून केंद्र बदलत नाही हो, फक्त खोटी चकाकी येते. गाइडमध्ये पायलट (कटर सरळ धरणारी दांडी) घालून ४५ अंशांचा कटर फिरवायचा, मग व्हॉल्व्हला खुणेचा निळा रंग लावून दाबायचा, आणि पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा आला पाहिजे, एक-दीड मिमी. तो स्वतः डोळ्यांनी बघा, "हो गया मॅडम"वर विश्वास ठेवू नका.

रॉयल_ऐरोली

दंडवत. मलई शब्द मागे घेतो.

पाचपाखाडीकर

मूळ प्रश्नातला "कुठे" राहिला. वागळेत रोड नंबर १६ पासून पुढे शंभर गाळे असतील, एक जण दोन नगाला हात लावत नाही. "क्वांटिटी बोला" म्हणतात. मला एका बुशसाठी अक्षरशः हाकलून लावलंय.

कातारी

त्यांचंही चूक नाही. सीएनसीवर दोन नग म्हणजे तासभर सेटिंग आणि पाच मिनिटं काम, तेवढ्यात त्याचा रोजचा ऑटो पार्टचा लॉट थांबतो. आपलं काम साध्या लेथचं. ज्याच्याकडे जुना एचएमटी लेथ आहे, शेजारी मिलिंग आहे, आणि मालक स्वतः हँडलवर उभा राहतो, असा छोटा गाळा शोधा. रबाळे, दिघा, महापे या पट्ट्यात असे अजून आहेत, मेंटेनन्सची कामं करणारे. कंपन्यांचं ब्रेकडाऊन काम तेच करतात, त्यांना एक नगाची सवय असते.

शुक्रवारी जाऊ नका. टीटीसी पट्ट्यात (हाच रबाळे-महापेचा औद्योगिक भाग) वीज आणि गाळे शुक्रवारी बंद. संध्याकाळी चारनंतर जा, ड्रॉइंग घेऊन जा. कागदावर हाताने काढलेलं चालेल, पण प्रत्येक मापापुढे किती कमी-जास्त चालेल ते लिहा. "१२.७" लिहिलंत तर तो त्याच्या मनाने करणार. "१२.७ला अधिक ०.००, उणे ०.०१" लिहिलंत तर तो चष्मा लावणार. आणि घासाघीस नगावर करू नका, पैसे सेटिंगचे असतात.

बेलापूर_नॉर्टन

थोडं अवांतर. आट्यांचं काय करता सगळे? माझ्या नॉर्टन १६एच ला आधीच्या मालकाने जागोजागी मेट्रिक बोल्ट कोंबलेत. नागदेवी स्ट्रीटला बीएसएफचे (जुने ब्रिटिश बारीक आटे) टॅप मिळाले, पण इंचाला २६ आट्यांचे सायकल थ्रेड मिळेनात. दुकानदार म्हणतो ८ मिमीला १ चा पीच टाका, सेमच आहे.

धातुवाला

सेम नाही. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, म्हणून एम८ वाटतो. २६ आटे इंचाला म्हणजे पीच ०.९७७. कोनही दोन्हीकडे ६० अंशच आहे, म्हणून नट पहिले दोन-तीन आटे गोडीत जातो आणि फसवतो. पाच आट्यांवर ०.११ मिमीचा फरक जमा होतो, तिथून तो अडकतो, आणि पाना लावून पुढे रेटलात की दोन्हीकडचे आटे सोलून निघतात. व्हिटवर्थ आणि बीएसएफचा तर कोनच ५५, ते आणखी वेगळं.

कातारी

लेथवर काढून घ्या, डायची गरज नाही. फक्त लेथचा लीडस्क्रू इंची आहे का ते विचारा. मेट्रिक असेल तर १२७ दातांचा गिअर लागतो, तो असला तर उत्तम, नसला तर पुढच्या गाळ्यात. एचएमटीच्या बऱ्याच लेथवर २६चा आकडा गिअरबॉक्सच्या पाटीवरच लिहिलेला असतो.

नौपाड्याचा_एम२०

आता क्रँकपिनबद्दल बोला ना कुणीतरी. दिघ्यातल्या एकाने ईएन-२४ मध्ये बनवून देतो म्हटलंय. "ट्रकच्या शाफ्टला चालतं, तुमच्या फटफटीला का नाही?"

धातुवाला

ईएन-२४ उत्तम पोलाद आहे, पण या कामासाठी नाही. हे ईएन नंबर ब्रिटिशांच्या युद्धकाळातल्या बीएस ९७० या मानकातून आले. तिकडे ते केव्हाच मागे पडले, पण आपल्या लोखंड बाजारात आजही त्याच नावाने माल मिळतो. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीच्या गाडीचं मटेरियल मागताना आपल्याला भाषांतर करावं लागत नाही, ही एक सोय.

एम-२० च्या बिग एंडमध्ये रोलर थेट पिनवर फिरतात. म्हणजे पिनचा पृष्ठभाग बेअरिंगच्या रेससारखा हवा, कडकपणा ५८ ते ६२ रॉकवेल, आणि आतला गाभा चिवट, कारण प्रत्येक पॉवर स्ट्रोकला तो वाकवला जातो. वरून काच आणि आतून वेत, असं काहीतरी हवंय. ईएन-२४ सगळीकडून सारखाच कडक होतो, आणि नेहमीच्या टेम्परला साठच्या जवळपासही जात नाही. रोलर त्यात चर पाडतील. ईएन-३१ साठच्या वर जातो, पण मग गाभाही तितकाच ठिसूळ. हवं आहे ईएन-३६: कार्बन कमी, निकेल तीन टक्क्यांच्या वर, आणि वरून कार्बुराइझ करून (कार्बन मुरवून) सुमारे एक मिमीची केस, म्हणजे कडक कवच.

खरी मेख आट्यांत आहे. पिनच्या टोकांना नट लागतात. ते आटेही केसमध्ये कडक झाले तर नट आवळताना टोकच तुटून हातात येईल. म्हणून आट्यांच्या जागी आधी तांब्याचा मुलामा द्यायचा किंवा कार्बन अडवणारी पेस्ट लावायची. नाहीतर तिथे जाडी जास्त ठेवायची, कार्बुराइझ झाल्यावर, हार्डनिंगच्या आधी, तेवढा थर लेथवर उतरवायचा आणि मग आटे काढायचे. भट्टीतून आल्यावर पिन दोन-तीन थाऊ हलते, त्यासाठी ग्राइंडिंगला व्यासावर ०.२ मिमी राखून ठेवा.

कातारी

आणि हे सगळं बरोबर झालं की नाही, ते कळणार कसं? बाहेरून बघून ईएन-३६ आणि ईएन-८ सारखेच दिसतात.

धातुवाला

दोन गोष्टी. बार घेतल्यावर पीएमआय गनने (धातूतले घटक दाखवणारं यंत्र) तपासून घ्या, तुर्भे-महापेत बऱ्याच टेस्टिंग लॅबमध्ये होतं. ती गन कार्बन दाखवत नाही, पण निकेल दाखवते. तीनच्या वर आलं तर ईएन-३६, दीडच्या आसपास आलं तर कुणीतरी ईएन-२४ गळ्यात मारलाय. दुसरं, पिनसोबत त्याच बारचा एक तुकडा त्याच भट्टीत टाकायला लावा. तो तुकडा कापून, घासून, केस किती खोल गेली ते मोजायचं. पिन कापून बघता येत नाही, तुकडा येतो. हीट ट्रीटमेंटवाला "हो" म्हणाला पण तुकडा द्यायला कांकूं करत असेल तर दुसरा बघा.

ट्रायम्फवाली_वाशी

मग एका पिनसाठी एवढा व्याप करण्यापेक्षा विकतच घ्या ना! एम-२० युद्धात सव्वा लाखाच्या आसपास बनल्या. पिन, रोलर आणि बाहेरची रेस असा अख्खा संच बाहेर मिळतो. कनेक्टिंग रॉडमधली रेस जुनी ठेवून नुसती पिन नवीन घालणं म्हणजे अर्धंच काम. गाइड इथे बनवण्याला कारण आहे, तुमचं भोक जगात दुसरीकडे कुठेच नाही. पिनला ते कारण नाही.

कातारी

ताईंना शंभर टक्के अनुमोदन. मी आयुष्यभर लेथवर पोट भरलं, तरी सांगतो, मिळतंय ते बनवू नका. बुश, स्पेसर, गाइड, नट-बोल्ट हे खुशाल इथे करा. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, क्रँकपिन विकत. पिनची मेहनत जुळणीवर खर्च करा, दोन्ही फ्लायव्हील सेंटरमध्ये धरून डायल लावा आणि दोन थाऊच्या आत आणा.

पाचपाखाडीकर

अवांतर: २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, त्यात गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात मोठा फेरफार नको अशी अट आहे. गाइड-बुश म्हणजे फेरफार असं कुणी म्हणणार नाही, पण क्रँककेस चमकवायच्या नादात डब्ल्यूएम२०चा नंबर बफ करून बसू नका.

नौपाड्याचा_एम२०

धागा वर काढतोय, कारण काम झालं.

रबाळ्यात एक गाळा सापडला, मालक साठीचे, स्वतः लेथवर. सिलिंडर, दोन्ही व्हॉल्व्ह आणि ड्रॉइंग दिलं. ड्रॉइंगमधली कमी-जास्तची मापं बघून म्हणाले, "कंपनीत होतात का?" इनलेटचं भोक तीन थाऊवर साफ झालं, एक्झॉस्टचं साडेपाचवर. गाइड कंटिन्युअस कास्ट बिडाचे, सव्वा थाऊ घट्ट. सिलिंडर ओव्हनमध्ये १५० अंशांवर तापवला, गाइड रात्रभर फ्रीझरमध्ये. गाइडच्या पुढच्या टोकाला त्यांनी एक सूतभर भाग थाऊभर बारीक ठेवला होता, त्यामुळे तो आधी सरळ उभा राहिला आणि मग प्रेसखाली एका दमात गेला. आतलं भोक एक्झॉस्टला दोन थाऊ मिटलं, इनलेटला एकच. रीमर कोरडाच मारला, काळी भुकटी पडत होती.

सीट कापताना मी शेजारी उभा होतो. एक्झॉस्टला पहिल्या फेऱ्यांत कटर फक्त अर्ध्या वर्तुळालाच लागत होता! म्हणजे जुना गाइड किती तिरका होता बघा. निळा लावून तपासलं, पट्टा सगळीकडे सारखा.

बिग एंडचा संच इंग्लंडहून मागवलाय. तो आला की फ्लायव्हील घेऊन पुन्हा रबाळ्यालाच. कातारी काका, डायल मेन शाफ्टवर नेमका कुठे टेकवायचा? बेअरिंगच्या जागेवर, की टोकाला?

कातारी

बेअरिंगच्या जागेवर, दोन्ही बाजूंना, आणि फ्लायव्हीलच्या जितक्या जवळ मिळेल तितकं. टोक पूर्वी कुणी हातोडीने ठोकलेलं असतं, त्यावर विसंबू नका. सेंटरची भोकंही आधी साफ करून बघा, त्यांत ठेच असेल तर डायल खोटं बोलतो.